मॅन्युअल मोडने सुटणार नाही, आधी मीटर काय सांगतंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की डीएसएलआर नवीन घेतलाय, सोबत १८-५५ ची किट लेन्स आहे, फोटो कधी काळपट येतात तर कधी धुतल्यासारखे पांढरे, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मस्त दिसणारा फोटो कॉम्प्युटरवर फिका पडतो, आणि कुणीतरी सांगितलंय की मॅन्युअल मोडवर गेल्याशिवाय हे काही सुटायचं नाही. शिवाय मेनूमधलं शार्पनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन कितीवर ठेवू हेही विचारलंय.

आधी मॅन्युअलचं बोलू कारण त्यातच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो लोकांचा. एम मोडवर तुम्ही काय करणार? व्ह्यूफाइंडरच्या खाली ती पट्टी दिसते, तिच्यातला काटा मधल्या शून्यावर येईपर्यंत शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) नाहीतर ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) फिरवणार आणि क्लिक. पण काटा शून्यावर म्हणजे मीटरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या भागाला, जे बरोबर वाटतं ते, आणि ए किंवा एव्ही मोडमध्ये (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) कॅमेरा स्वतः नेमकं तेच करत असतो. म्हणजे फोटो तोच येणार, फक्त तुम्हाला वेळ जास्त लागणार आणि तेवढ्यात समोरचा माणूस उठून गेलेला असणार. मोड बदलून काही होत नाही, मीटर कुठे फसतं ते कळलं पाहिजे, मग कुठलाही मोड चालतो.

तर मीटर कसं चालतं बघा. कॅमेऱ्यातलं मीटर वस्तूवर किती प्रकाश पडलाय ते मोजत नाही, वस्तूवरून परत किती आला ते मोजतं. आणि त्याला हे माहीत नसतं की समोर बर्फ आहे का काळा कोट. ते असं धरून चालतं की समोरचं जे काही आहे त्याची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला साधारण १२ ते १८ टक्के परत फेकणारी. बहुतेक वेळा हे खरं असतं कारण एका फ्रेममध्ये झाडं, रस्ता, माणसं, थोडं आकाश असं मिळून सरासरी तिथेच कुठेतरी येते. पण फ्रेमभर पांढरी भिंत घेतली की मीटर म्हणतं अरे फारच प्रकाश आहे, कमी करा, आणि भिंत करडी येते. काळ्या कोटातला माणूस फ्रेमभर घेतला की ते म्हणतं अंधार आहे, वाढवा, आणि कोट राखाडी होतो, चेहरा उडून जातो. तुमचे काळपट आणि पांढरट फोटो हे दोन वेगवेगळे प्रॉब्लेम नाहीयेत, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. तुमचे जुने फोटो काढून बघा, काळपट आलेल्यात बहुतेक मोठं आकाश, खिडकी, पांढरे कपडे असं काहीतरी असणार.

यावरचा उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलंय त्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय, ते अधिक-उणे चिन्हाचं बटण. निकॉनच्या छोट्या बॉडीवर ते शटर बटणाच्या जवळच असतं, दाबून धरायचं आणि डायल फिरवायची. कॅननच्या छोट्या बॉडीवर मागे एव्ही लिहिलेलं बटण असतं, मोठ्या बॉडीवर मागचं चाक थेट फिरवायचं. नवीन माणसाला नेहमी उलटं वाटतं पण नियम साधा आहे, समोर पांढरं जास्त असेल तर अधिक, काळं जास्त असेल तर उणे. बर्फ, वाळू, धुकं, पांढरी भिंत यांना अधिक १ ते अधिक २ पर्यंत जा (हे आकडे स्टॉपमध्ये, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). माणूस खिडकीसमोर किंवा आकाशासमोर उभा असेल आणि त्याचा चेहरा दिसायला हवा असेल तर अधिक १ पासून सुरू करा. काळं जनावर, गडद पडदा, स्टेजवरचा एकटा उजळलेला माणूस आणि मागे सगळा अंधार, यांना उणे १ ते उणे दीड. हे आकडे पाठ करायचे नाहीत, ही सुरुवात आहे, पहिला फोटो काढा आणि बघा. आणि हो, हे सेटिंग बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून चालू केला तरी तसंच राहतं, त्यामुळे काम झालं की शून्यावर आणायची सवय लावून घ्या नाहीतर दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो उणे दीडमध्ये येतात आणि माणूस लेन्सला शिव्या घालत बसतो.

(निकॉनच्या जुन्या बॉडी वापरणाऱ्यांसाठी, तुमच्या पट्टीवर अधिक डावीकडे असू शकतं, मेनूतून उलटं करता येतं बहुतेकांमध्ये.)

मीटरिंगचे मोड तीन-चार असतात, मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह (सगळी फ्रेम), सेंटर वेटेड (मधल्या भागाला जास्त वजन), स्पॉट (एक छोटा ठिपका), कॅननमध्ये पार्शियल (मधला थोडा मोठा भाग) पण. मॅट्रिक्सवर ठेवा आणि विसरा. निकॉनने १९८३ च्या एफए मध्ये पहिल्यांदा फ्रेमचे भाग पाडून वेगवेगळं मोजायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ते बरंच हुशार झालंय, आताची मीटरं तुम्ही फोकस पॉइंट कुठे ठेवलाय तिकडेही झुकतात. आणि त्याचमुळे एक गंमत होते, फोकस पॉइंट चेहऱ्यावरून शर्टवर सरकला की एक्स्पोजर थोडं बदलतं, लोकांना वाटतं कॅमेरा लहरी आहे. स्पॉट कधी? चंद्र, स्टेज, किंवा मागून ऊन येतंय आणि तुम्हाला फक्त चेहराच मोजायचाय तेव्हा. पण स्पॉट वापरलात तर ज्याच्यावर ठेवाल ते करडं होणार हे डोक्यात ठेवा, गोऱ्या गालावर स्पॉट ठेवून शून्यावर घेतला तर गाल करडाच येणार. आणि निकॉनमध्ये स्पॉट तुमच्या फोकस पॉइंटबरोबर फिरतो, कॅननच्या बहुतेक बॉडीत तो मधोमधच राहतो, तिथे मधे मोजायचं, ते चांदणीचं बटण दाबून एक्स्पोजर लॉक करायचं आणि मग फ्रेम जुळवायची.

आता डीएसएलआरची स्वतःची एक अडचण. फोनमध्ये किंवा मिररलेसमध्ये फोटो काढायच्या आधीच स्क्रीनवर उजळ-काळं दिसतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून तुम्ही आरसा आणि प्रिझममधून थेट लेन्सच्या आरपार बघत असता, सेन्सरचा तिथे काही संबंधच नाही. तुम्ही शटर १/४००० करा नाहीतर ३० सेकंद करा, डोळ्याला समोरचं जसंच्या तसं दिसणार. म्हणून पहिल्या एक-दोन फोटोनंतर मागे बघावंच लागतं, त्याला कमीपणा मानू नका. पण बघायचं काय? फोटो नाही. मागची स्क्रीन अंधारात डोळ्याला भगभगीत दिसते त्यामुळे काळा फोटोही छान वाटतो आणि घरी आल्यावर कळतं, उन्हात त्याच्या उलट, सगळंच काळं वाटतं. स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवर असेल तर तोही बंद करून मधे ठेवा.

बघायचा तो हिस्टोग्राम (फोटोत गडद आणि उजळ भाग किती आहेत त्याचा आलेख) आणि हायलाइट वॉर्निंग, तेच जे पांढरे झालेले भाग काळे-पांढरे लुकलुकतात ते. मेनूच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, कित्येकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं. हिस्टोग्राममध्ये डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. ‘मधे डोंगर असला पाहिजे’ हे जे सांगतात ते सोडून द्या, रात्रीच्या फोटोचा डोंगर डावीकडेच असणार आणि बर्फाचा उजवीकडेच. बघायचं एवढंच की उजव्या भिंतीला जाऊन आपटलाय का, आणि आपटला असेल तर कशामुळे. बल्ब, पाण्यावरची सूर्याची चमक, गाडीच्या बंपरवरचा झगझगाट हे उडाले तर उडू द्या, तिथे तसंही काही नसतं. नवरीचा पांढरा पोशाख, ढग, चेहऱ्याचं कपाळ लुकलुकत असेल तर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश स्टॉप कमी करून परत घ्या. कारण डिजिटलमध्ये गडद भाग नंतर थोडेफार उचलता येतात, नॉईज, म्हणजे दाणे, दिसेल पण तपशील असतो, आणि पूर्ण पांढरा झालेला भाग मात्र गेला, तिथे आकडेच नाहीत तर सॉफ्टवेअर काय आणणार. मात्र याचा अर्थ कायम उणे एकवर फिरायचं असा पण नाही, ती सवय बऱ्याच जणांना लागते आणि मग सगळ्या फोटोंच्या सावल्यांमध्ये दाणे. शक्य असेल तर आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे तीन रंगांचे वेगळे आलेख, तो लावा. लाल फूल घेताना साधा हिस्टोग्राम ठीक सांगतो पण लाल रंगाचा आलेख केव्हाच भिंतीला आपटलेला असतो आणि पाकळ्यांच्या रेषा गायब होऊन लाल डाग उरतो, हे साध्यात कळत नाही.

मग रोजच्या वापराला काय लावू? माझं मत विचाराल तर ए किंवा एव्ही मोड, ऑटो आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा कॅमेराच ठरवतो) चालू, वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० जशी तुमची बॉडी असेल तशी, आणि कॉम्पेन्सेशन अंगठ्याखाली. निकॉनमध्ये ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटरही ठरवता येतं, कॅननच्या छोट्या बॉडीत ते लेन्सच्या फोकल लेन्थवरून (१८, ५५ हे मिलिमीटरमधले आकडे) कॅमेराच ठरवतो. हात हलू नये म्हणून शटर साधारण एक भागिले फोकल लेन्थ असावं असा जुना नियम आहे, पण क्रॉप सेन्सरवर (३५ मिमी फिल्मपेक्षा छोटा सेन्सर) त्याला दीडने गुणायचं, म्हणजे ५५ वर १/८० किंवा १/१००, २०० वर १/३२०. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरचं पोरगं पळत असेल तर त्याला ते काय करणार. बसलेल्या माणसाला १/१२५ पुरतं, खेळणाऱ्या मुलांना १/५००, उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० ते १/२००० लागतं, आणि तेव्हा सरळ एस किंवा टीव्ही मोड घ्या, त्यात शटर तुम्ही ठरवता. आयएसओ वाढवायला घाबरू नका. दाणे आयएसओच्या आकड्यामुळे येतात असं सगळे बोलतात, खरं तर ते प्रकाश कमी मिळाल्यामुळे येतात, आयएसओ ४०० वर काळपट फोटो काढून कॉम्प्युटरवर दोन स्टॉप उचलण्यापेक्षा तिथेच १६०० लावलेला बरा, जुन्या सेन्सरवर तर फारच फरक पडतो. आणि हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही.

किट लेन्सवाल्यांसाठी एक खास. १८ वर तिचं ॲपर्चर ३.५ पर्यंत उघडतं (आकडा मोठा तितकं भोक लहान) पण ५५ वर ५.६ च्या पुढे उघडत नाही. तुम्ही एम मोडमध्ये १८ वर ३.५ लावून सगळं जुळवलंत आणि झूम केलंत की ॲपर्चर आपोआप ५.६ होतं आणि फोटो सव्वा स्टॉपहून जास्त काळा होतो, तुम्ही काहीच बदललेलं नसताना. एममध्ये शिकणाऱ्याचे फोटो असे मधूनच काळे का येतात त्याचं हे एक मोठं कारण. या लेन्ससाठी एममध्ये काम करायचं असेल तर ५.६ किंवा ८ वरच राहा. ११ च्या पुढे फार जाऊ नका, क्रॉप सेन्सरवर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळाच फोटो किंचित मऊ पडायला लागतो.

मॅन्युअल खरंच लागतं कधी ते पण सांगतो. प्रकाश बदलत नाहीये पण फ्रेममधले रंग बदलतायत तेव्हा. स्टेजवर एकसारखा लाइट आहे आणि कलाकार कधी काळ्या कपड्यात कधी पांढऱ्या, तिथे ऑटो दर फोटोला वेगळं देणार, म्हणून एकदा बरोबर जुळवायचं आणि हात लावायचा नाही. फक्त तेव्हा ऑटो आयएसओ बंद करा, नाहीतर एम नावालाच राहतो, कॅमेरा मागून आयएसओ हलवत बसतो. पॅनोरमा जोडायचा असेल तेव्हा, स्टुडिओ फ्लॅश, फटाके, तारे, चंद्र. मीटर नसतानाही अंदाज यावा म्हणून सनी सिक्स्टीन लक्षात ठेवा, लख्ख उन्हात एफ १६ (म्हणजे ॲपर्चर १६) आणि शटर एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१००, किंवा तेच एफ ८ आणि १/४००. पूर्ण चंद्रालाही जवळपास असंच, एफ ११ आणि १/१००, कारण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगडच आहे, लोक त्याला रात्रीचं एक्स्पोजर देतात आणि पांढरा बटाटा येतो.

आता इमेज सेटिंग. इथे पहिला प्रश्न तुम्ही जेपेग काढता का रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा). पिक्चर स्टाईल, निकॉनमध्ये पिक्चर कंट्रोल, त्यातलं शार्पनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, नॉईज रिडक्शन हे सगळं जेपेगमध्ये शिजवून टाकलेलं असतं, परत काढता येत नाही. रॉमध्ये ही फक्त सोबत जोडलेली चिठ्ठी असते, नंतर बदलता येते. तुमचा फोटो कॉम्प्युटरवर फिका पडतो तो इथेच. कॅमेऱ्याच्या मागे तुम्हाला जे दिसतं ते रॉच्या आत ठेवलेलं छोटं जेपेग असतं, पिक्चर स्टाईल लावलेलं. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की आधी क्षणभर तेच दिसतं, मग सॉफ्टवेअर स्वतःच्या प्रोफाइलने फोटो नव्याने तयार करतं आणि रंग उतरल्यासारखे वाटतात. काही बिघडलेलं नसतं. प्रोफाइलच्या यादीत कॅमेऱ्याच्या नावाची प्रोफाइल असतात, कॅमेरा स्टँडर्ड वगैरे, ते निवडा, किंवा कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरा, ते चिठ्ठी वाचतं. जेपेगच काढत असाल आणि तरी फिकं दिसत असेल तर कलर स्पेस, म्हणजे फाइलमधला रंगांचा पल्ला, तपासा. ॲडोबी आरजीबी लागलं असेल तर ते एसआरजीबी करा, ॲडोबी आरजीबी भारी वाटतं नावाने पण फोनवर, साध्या व्ह्यूअरवर रंग मेलेले दिसतात. ओळखायची खूण म्हणजे कॅनन आणि निकॉन दोन्हीकडे अशा फाइलचं नाव अंडरस्कोअरने सुरू होतं.

जेपेगवाल्यांनी स्टँडर्डवर ठेवा, शार्पनेस कंपनीने दिलंय तेवढंच, कॉन्ट्रास्ट कडक उन्हात एक-दोन घर खाली. लँडस्केप स्टाईल माणसांवर लावू नका, चेहरे तांबडे होतात. रॉवाल्यांना वाटतं आपल्याला या सेटिंगशी काय करायचंय, पण तुमचा हिस्टोग्राम आणि ते लुकलुकणं त्याच आतल्या जेपेगवरून काढलेलं असतं. लँडस्केप किंवा व्हिव्हिड लावून रॉ काढलात तर कॅमेरा खोटंच सांगणार की उडालं उडालं आणि तुम्ही उगाच कमी करत बसणार. म्हणून रॉ काढताना न्यूट्रल लावा, स्क्रीनवर फोटो मरगळलेला दिसेल पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ येईल. रॉ १२ किंवा १४ बिटचा असतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये फक्त २५६, सावल्या उचलताना जेपेगमध्ये पट्टे दिसतात ते त्यामुळेच.

एक सेटिंग मात्र आत्ताच जाऊन बंद करा, कॅननमध्ये ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर. तुम्ही उणे एक कॉम्पेन्सेशन लावता आणि जेपेगमध्ये फरकच दिसत नाही, कारण हा मागून फोटो परत उजळवून देतो. शिकणाऱ्या माणसाला यापेक्षा गोंधळात टाकणारं काही नाही. निकॉनचं ॲक्टिव्ह डी-लायटिंग त्याच जातीचं, वर ते काही वेळा एक्स्पोजरच थोडं कमी करतं. जेपेग काढणाऱ्याला उन्हात त्याचा उपयोग आहे, पण आधी मीटर समजून घ्या मग चालू करा. आणि आयएसओ १०० लागतच नाही, २०० च्या खाली जात नाही अशी तक्रार असेल तर कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी (उजळ भाग वाचवणारं सेटिंग) चालू राहिलंय का बघा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे वेगवेगळ्या रंगाच्या प्रकाशातही पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग, बाहेर ऑटोवर राहू द्या. रॉमध्ये नंतर बदलतो, जेपेगमध्ये थोडाच. पिवळ्या बल्बखाली ऑटो पूर्ण सुधारत नाही, थोडा पिवळेपणा मुद्दाम ठेवतो, तिथे बल्बचं चिन्ह किंवा केल्विनमध्ये (प्रकाशाच्या रंगाचं माप) ३००० च्या आसपास लावा, उन्हाला ५२००, ढगाळ ६०००, सावलीला ७००० ते ८०००. संध्याकाळचा सोनेरी प्रकाश ऑटोने मारून टाकला तर उन्हाचं चिन्ह लावा, परत येतो.

दोन गोष्टी राहिल्या ज्यांना लोक एक्स्पोजरचा बिघाड समजतात. ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली सलग काढलेले फोटो एक उजळ, एक काळा, एक अर्धा पिवळा येतात कारण ते दिवे विजेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात, ५० हर्ट्झला सेकंदाला १०० वेळा. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, ६० हर्ट्झ असेल तर १/१२० किंवा १/६०, नाहीतर बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर लावा. आणि ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून तुम्ही मागे उभे असाल, मागून ऊन येत असेल, तर ते ऊन आयपीसमधून (व्ह्यूफाइंडरची डोळा लावायची काच) आत शिरून मीटरवर पडतं आणि फोटो काळा येतो. बऱ्याच कॅननच्या पट्ट्यावर जो रबराचा चौकोनी तुकडा लटकत असतो तो आयपीस झाकायलाच दिलेला असतो. नसेल तर हाताने आडोसा धरला तरी चालतं.